मेणाचे डाग आणि मावळातील उघडीप

लोणावळ्यात राहणाऱ्या माणसाचे वर्ष पंचांगाप्रमाणे चैत्रात सुरू होत असले, तरी त्याची खरी धावपळ वैशाखाच्या अखेरीस सुरू होते; कारण ज्या गावावर एका पावसाळ्यात ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाणी कोसळते, आणि ज्याच्या पूर्वेस त्याच मावळ तालुक्यातील वडगाव-तळेगावच्या वाट्यास त्याचे निम्मेही येत नाही, त्या गावात कौले चाळणे, पत्र्याचे हूक आवळणे आणि सरपण कोरड्या जागी रचणे ही कामे आषाढावर टाकून भागत नाही. या जुन्या दस्तुरातच अलीकडे मोटारीला मेण चढविण्याची बाब दाखल झाली आहे. रंगावर मेणाचा पातळ थर असला म्हणजे पाणी थेंबाथेंबाने ओघळून जाते आणि चिखल घट्ट धरत नाही, हे खरेच असल्यामुळे मीही आमची मोटार जुन्या हमरस्त्यालगतच्या एका वॉशिंग सेंटरच्या हवाली केली.

तेथील तरुण कारागिराने भर दुपारच्या उन्हात, रंगविलेला पत्रा आणि बिनरंगाचे काळे प्लास्टिक यांच्यात कोणताही भेद न मानता, कमालीच्या समदृष्टीने सर्वत्र मेण फासले. परिणामी बंपरची खालची कड, चाकांवरच्या कमानी आणि वायपरखालची जाळी यांवर पांढुरक्या फराट्यांची अशी काही नक्षी उमटली, की मोटारीला अकाली वार्धक्य आल्यासारखे दिसू लागले. तक्रार नेली, तेव्हा मालकांनी मोठ्या प्रसन्नतेने निकाल दिला, "पावसात धुऊन जाईल, साहेब."

पाऊस आला, आणि डाग खरोखरच दिसेनासे झाले. सरींत न्हालेले प्लास्टिक काळेभोर दिसू लागले, तेव्हा मालकांच्या भाकितावर माझाही क्षणभर विश्वास बसला. परंतु भुशी धरणाकडचे ढग विरून दोन घटका उघडीप पडली, की वाळत चाललेल्या बंपरवर तेच फराटे, त्याच जागी, एकेक करून पुन्हा उमटत. या लपंडावाचे कारण साधे आहे. हे प्लास्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीन जातीचे असून चकाकी मोडण्यासाठी त्याच्या पृष्ठभागावर मुद्दाम बारीक खरबरीतपणा ठेवलेला असतो; टाकी लावलेल्या पाट्याच्या खाचांत वाटण अडकून राहावे, तसे मेण आणि पॉलिशातील बारीक भुकटी त्या खळग्यांत जाऊन बसते, आणि पातळ द्रावक उडून गेला की मागे पांढरा कण उरतो. खळगे पाण्याने भरले, की प्रकाश विखुरत नाही व पांढरेपणा दिसत नाही; पाणी आटले, की दिसतो. ज्या गुणासाठी मेण चढवावयाचे तो गुण म्हणजे पाण्याला न जुमानणे. मग कितीही मुसळधार पाऊस झाला, तरी त्याने ते धुऊन कसे जावे?

वडगावचे एक वृद्ध मिस्त्री, ज्यांचा शब्द मी मोटारीच्या बाबतीत अखेरचा मानतो, त्यांनी बंपरवरून अंगठा फिरवून सांगितले, "घासून नाही निघायचं हे, साहेब. आधी मऊ करा, मग उचला. आणि थिनरच्या वाटेला जाऊ नका; शेजारचा रंग खाईल."

पुढच्या उघडिपीत मी सौम्य उपायापासून आरंभ केला. साबणाचे कोमट पाणी आणि मऊ ब्रश यांनी वरची धूळ गेली, मेण जागचे हलले नाही. मात्र ही पायरी गाळता येत नाही, कारण धुळीसकट घासल्यास प्लास्टिकवर ओरखडे पडतात. कमानीवरच्या सुट्या ठिपक्यांवर मुलांच्या दप्तरातील पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरविला, तेव्हा रबराच्या वळ्यांबरोबर मेणही गुंडाळून येऊ लागले. बंपरच्या लांब फराट्यांना हा इलाज पुरण्यासारखा नव्हता. तेव्हा सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून किंचित कोमट केलेले शेंगदाण्याचे तेल आणून दिले. "अहो, तुपट भांड्याला नुसतं पाणी लावून काय होतं?" हा त्यांचा प्रश्न रसायनशास्त्राच्या कसोटीसही उतरणारा होता, स्निग्ध पदार्थ स्निग्धातच मऊ होतो. तेल थोडा वेळ मुरू दिले, दातांच्या जुन्या ब्रशाने लहान वर्तुळांत फिरविले, आणि तो पांढरा फराटा करड्या लगद्याच्या रूपाने खळग्यांतून वर आला. तो कपड्याने टिपून लागलीच भांड्यांच्या साबणाने तेलाचा अंशही काढून टाकावा लागतो, नाहीतर त्यावर धुळीचा नवा थर बसतो.

वायपरखालच्या जाळीच्या कोपऱ्यांत तेल धुऊन काढणे अशक्यप्राय होते. तेथे औषधांच्या दुकानातील आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्म्या पाण्यात मिसळून, कापसाच्या काडीने लावले आणि ताबडतोब पुसले. रंगाच्या कडेला आधीच कागदी पट्टी चिकटविली होती. केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवाही मेण मऊ करते, परंतु ब्राझीलच्या ताडाच्या पानांवरून मिळणारे कार्नौबा मेण वितळण्यास ८० अंश सेल्सियसहून अधिक उष्णता लागते, आणि तितकी उष्णता एकाच जागी धरली तर प्लास्टिकचाच आकार बिघडण्याचे भय. सबब तो मार्ग मी सोडून दिला.

सगळे मेण निघाल्यावरही बंपरच्या एका भागावर धुरकट करडेपणा राहिला. तो डाग नव्हे; उन्हातील अतिनील किरणांनी प्लास्टिकचा वरचा थर जुनावल्याची ती खूण होय. ओळख सोपी आहे: अल्कोहोलाच्या बोळ्याने पुसून पांढरेपणा कायमचा गेला तर ते मेण, आणि वाळताच पूर्ववत झाला तर ते वय. वयावर खोडरबर चालत नाही. त्यासाठी प्लास्टिकचे स्वतंत्र लेपन मिळते, आणि तेही काही काळच टिकते.

म्हणून घाटमाथ्यावरील मोटारधारकांस माझी विनंती एवढीच, की पावसाळ्यापूर्वी मेण अवश्य चढवावे, पण सावलीत, थंड पत्र्यावर आणि अगदी थोडे; काळ्या प्लास्टिकच्या सर्व कडांना रंगाऱ्यांची कागदी पट्टी प्रथम लावावी; चुकून हात लागलाच तर मेण वाळण्याआधी ओल्या कपड्याने पुसावे. आणि मोटार दुसऱ्याच्या हाती सोपविणार असाल, तर ही पट्टी स्वतः लावूनच सोपवावी.