एवलच्या दलदलीत अब्बांची काठी

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, अटलांटिक समुद्रात आउटर हेब्रिडीज नावाची बेटांची लांब माळ आहे. त्यातल्या नॉर्थ उइस्ट बेटावर जूनमध्ये आम्ही तीन पिढ्या गेलो होतो : आम्ही दोघं, आमची बारा वर्षांची लेक आणि रत्नागिरीहून आलेले अब्बा. स्काय बेटावरच्या उइग बंदरातून लॉकमॅडीला फेरीबोट जाते, पावणेदोन तास लागतात.

या बेटावरचा सर्वांत उंच डोंगर एवल. उंची फक्त 347 मीटर, म्हणजे रायगडाच्या निम्म्यालाही येत नाही. पण त्याच्याभोवती बहुतेक सगळीकडे पाणीच. लॉक यूफोर्ट या खाडीच्या कडेने जाणारा अरुंद रस्ता एका ठिकाणी संपतो आणि तिथून चालणं सुरू होतं. थोड्याच वेळात ओबासरी नावाच्या तळ्याचं तोंड आडवं येतं. ते दगडांवर पाय ठेवत ओलांडायचं. मोठी भरती असली की हे दगड पाण्याखाली जातात. म्हणून आम्ही आदल्या रात्रीच भरती-ओहोटीच्या वेळा बघून ठेवल्या होत्या. अब्बांनी तळ्याचं पाणी बोटाने चाखलं. "मचूळ आहे. हे तर आपलं खाजण!" ते म्हणाले. खरंच, समुद्राचं पाणी इथे आत शिरतं.

पुढे दलदल. वाट अशी नाहीच, आधी गेलेल्यांच्या पावलांच्या खुणा तेवढ्या दिसतात आणि त्याही मध्येच बुडतात. इथली जमीन पीटची आहे. पाणी साचून राहिल्याने हवा आत जात नाही, त्यामुळे मेलेलं शेवाळ आणि गवत पुरतं कुजत नाही. थरावर थर बसत जातात, वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे मीटरभर खोल रुतलेली काठी हजारेक वर्षं मागे गेली म्हणायची. बेटावरची माणसं हीच माती विटांसारखी कापून, उन्हाळ्यात वाळवून चुलीत जाळत आली. स्फॅग्नम नावाचं शेवाळ स्वतःच्या वजनाच्या वीसपट पाणी धरतं. पहिल्या महायुद्धात जखमा बांधायला ते वापरलं होतं. हे ऐकून लेकीने मूठभर शेवाळ पिळून पाहिलं आणि बाहीपर्यंत भिजली.

आम्हाला काळजी होती अब्बांची. वय अडुसष्ट, गुडघा दुखरा. पण ज्याने चाळीस पावसाळे भाताच्या खाचरात चिखलणी केली त्याला चिखलात कसं चालायचं हे कोण शिकवणार? हिरवंगार, मऊ दिसेल तिथे काठी आधी टेकायची. तपकिरी, काटक झुडपं असतील तिथे बेलाशक पाय ठेवायचा. तासाभरात तेच पुढे आणि आम्ही मागे. वारा होता म्हणून बरं, नाहीतर इथली बारीक चिलटं माणसाला उभं राहू देत नाहीत.

तळ्याच्या काठाने जाताना अब्बा थांबले. गवताखाली समांतर वरंबे दिसत होते, एकाला लागून एक. "हे कुणाचं तरी शेत होतं," ते म्हणाले. होतंच. समुद्रातलं शेवाळ खत म्हणून पाठीवर आणून लोक असे उंच वाफे करत आणि त्यात पिकं घेत. ही बेटं मुळात ओसाड होती असं पर्यटकांना वाटतं. एकोणिसाव्या शतकात जमीनदारांनी मेंढ्यांसाठी गावंच्या गावं उठवली. याच बेटाच्या उत्तरेला सोलस इथे 1849 साली बायकांनी पोलिसांवर दगड फेकले, तरी घरं रिकामी झालीच. आज सगळ्या बेटावर बाराशे-तेराशे माणसं उरली आहेत.

अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्या वाडीतही कुलपं लागलेली घरं मोजायला आता दोन्ही हातांची बोटं पुरत नाहीत. कुणी आखातात, कुणी मुंबईत, आम्ही इथे. आम्हाला कुणी काठ्या घेऊन हाकललं नव्हतं, हा फरक आहे. पण वरंबे तिथलेही बुजतच आहेत.

शेवटची चढण खडी, दगडाची आणि कोरडी होती. माथ्यावर पोचलो तेव्हा खाली जमीन जास्त की पाणी, हेच कळेना. शेकडो तळी उन्हात चमकत होती. पूर्वेला स्कायचे डोंगर होते. कोरड्या कातळावर आग्नेयेकडे तोंड करून जोहरची कसर नमाज पढलो. वजूच्या पाण्याची चिंता त्या मुलखात कुणाला पडायची नाही.

उतरताना दगड अजून उघडे होते, तरी अब्बांचा हात धरूनच ओलांडलं. रात्रीचे नऊ वाजले तरी लख्ख ऊन होतं. अब्बांनी माथ्यावरचा एकही फोटो गावी पाठवला नाही; त्या वरंब्यांचा पाठवला. थोड्या वेळाने चुलत्यांचा निरोप आला : "भात की नाचणी?"

"बटाटे आणि जव," अब्बांनी उलट कळवलं.