मऊ दरज

बोरीबंदर स्टेशनातून सकाळी बाहेर पडलं, की समोर महापालिकेची इमारत असते. तिच्या कमानींवर, घुमटाच्या कडांवर, शिखराशी पंख पसरून उभ्या असलेल्या त्या दगडी स्त्रीवर कोवळं ऊन चढत जातं, पिवळसर दगड आतून उजळल्यासारखा दिसू लागतो, आणि कचेऱ्यांकडे निघालेली अफाट गर्दी त्या उजेडाखालून, मान वर न करता, वाहत राहते. मी थांबते.

ही इमारत वास्तुशिल्पी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची; त्यांनीच घडवलेल्या समोरच्या स्टेशनाचं काम चालू असतानाच, १८८४ साली, हिचा पाया घातला गेला. १८९३ मध्ये ती पुरी झाली. नंतर कितीतरी पावसाळे तिनं अंगावर घेतले, समुद्राची खारी हवा झेलली. २००० साली तिच्या सभागृहाला आग लागली, आणि मग ते पुन्हा उभं करण्यात आलं.

फोर्टातल्या अशाच एका जुन्या कचेरीवर बांबूंची परांची चढली होती. वरच्या मजल्याच्या खिडकीतून हातभर अंतरावर एक गवंडी दगडांमधली दरज उकरताना दिसला. पूर्वी कुणीतरी घाईनं भरलेलं सिमेंट तो छिन्नीनं, दगडाच्या कडेला ओरखडाही न उमटू देता, काढत होता. सिमेंट ओल आत कोंडतं. क्षार फुलतात, दगडाचे पोपडे सुटतात. म्हणून तिथं परत चुनाच भरायचा.

“ताई, दरज दगडाहून मऊ पायजे,” तो थापी पुसत म्हणाला. “झिजली तर ती झिजंल. दगड ऱ्हाईल.”

त्याच्या घमेल्यातला ओला चुना लोण्यासारखा पांढरा होता. भट्टीत भाजताना चुनखडीतून जो वायू उडून जातो, तोच भिंतीत बसल्यावर चुना हवेतून हळूहळू, महिनोन् महिने, परत ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो; आणि ही हवा तर आपलीच, खालून धावत जाणाऱ्यांच्या, घामाघूम हमालांच्या, बसची वाट पाहणाऱ्या बायकांच्या उच्छ्वासांनी भरलेली. त्यातलं थोडं त्या भिंतीत मुरत असणार.

मला घासूनपुसून कोरी केलेली इमारत नको असते. नवी दरज काही काळ उजळ दिसावी. जिन्याच्या पायऱ्यांना पावलांनी पाडलेले खळगे तसेच राहावेत, आणि वर टेबलं मांडलेली असावीत, पाण्याच्या अन् रस्त्यांच्या फायली पुढं सरकत असाव्यात.