डाव्याचा आकडा

दंड मोजायची एक रीत आहे. खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर पेनाने खूण करायची, हात सैल सोडायचा आणि टेप चिकटेल पण रुतणार नाही इतपतच आवळायचा. तेही सकाळी, व्यायामाच्या आधी; कारण सेट मारल्यावर रक्ताने भरलेला दंड काहीही आकडा सांगतो. असं नीट मोजलं तर दोन्ही दंड तंतोतंत सारखे निघाले, असा माणूस मला क्वचितच भेटलाय. अर्धा सेंटिमीटर इकडे-तिकडे असायचंच. तरी पोरं आरशासमोर बेटकुळी काढतात, डावी लहान दिसली की चेहरा पडतो आणि लगेच विचारतात, "सर, डाव्या हाताला जास्त वजन घेऊ का?"

नको. का नको, ते आमच्याकडे येणाऱ्या एका गवंड्याच्या हाताकडे पाहिलं की कळतं. तिशीतला माणूस, गेली कित्येक वर्षं उजव्या हाताने थापी चालवतोय. दहा किलोचं डंबेल उजव्या हातात असलं की कोपर बरगडीपाशी खिळलेलं असतं, फक्त कोपराखालचा हात वर येतो आणि तितक्याच सावकाश खाली जातो. तेच डंबेल डाव्या हातात आलं की आधी खांदा कानाकडे सरकतो. मग कोपर पुढे येतं, मनगट वाकतं आणि शेवटच्या तीन-चार वेळा कंबर मागे झुकते. डंबेल वर पोहोचतं. उजव्याने बारा, डाव्यानेही बारा. पण डाव्या बारापैकी दंडाच्या वाट्याला जेमतेम सात आले, उरलेले खांद्याने आणि कंबरेने वाटून घेतले. अशा हाताला आणखी वजन दिलं तर कंबर आणखी कामाला लागेल, दंड आहे तिथेच राहील.

म्हणून मी आकड्यावर विश्वास ठेवत नाही, चालीवर ठेवतो. त्याला साडेसात किलोचं डंबेल दिलं आणि सांगितलं, "डाव्यापासून सुरुवात कर. कोपर हललं की मोजणं बंद." दम ताजा असताना कमजोर हाताला पहिली संधी मिळाली पाहिजे. त्याने स्वच्छ नऊ काढले, तर उजव्यानेही नऊच काढायचे आणि डंबेल खाली ठेवायचं. अंगात ताकद शिल्लक असताना थांबायचं, हे तगड्या हाताला फार जड जातं. "उजवा उतरेल ना सर?" ही भीती प्रत्येकाला असते. नाही उतरत. कमावलेला स्नायू टिकवायला लागणारं काम, तो कमावायला लागलेल्या कामापेक्षा बरंच कमी असतं. काही महिने उजवा थोडा आरामात राहिला, तर त्याचं काही बिघडत नाही. डाव्याला हवा तर एखादा जादा सेट द्यावा. त्याहून जास्त दिला तर कोपराच्या कंडरा कुरकुरायला लागतात.

तालमीत मुद्गल फिरवताना वस्ताद हेच करून घ्यायचे. दोन हातांत दोन मुद्गल. डावा ढिला पडला की पाठीमागून फिरून यायला त्याला उशीर व्हायचा आणि लय तुटायची. लय तुटली की तिथे आकडा थांबायचा, मग उजवा कितीही जोरात असो. माझी नजर तिथे तयार झाली.

बारवर डाव्याचा हा ढिलेपणा लपून राहतो. वीस किलोच्या बारला दोन्ही हात जोडलेले, त्यामुळे एक हात कमी पडला की दुसरा न सांगता भार उचलतो. बेंचवर झोपलेल्याच्या डोक्यामागे उभं राहून पाहावं: बारचं उजवं टोक आधी सुटतं, डावं मागून येतं. कधी कधी मात्र दोष ताकदीचा नसून पकडीचा असतो. बारच्या खरबरीत भागावर एक गुळगुळीत रेघ कोरलेली असते, ती यासाठीच. उजवी करंगळी त्या रेघेवर आणि डावी दोन बोटं आत, असं कित्येकांचं वर्षानुवर्षं चालतं. पकड सारखी केली की पंधरवड्यात बार सरळ चढतो आणि डंबेलची गरजही पडत नाही. डेडलिफ्टला एक तळवा पुढे नि एक मागे ठेवून धरणारेही कायम तोच हात उलटा धरतात. त्यांनी आलटून पालटून धरावं.

सगळा फरक जाईल असं मात्र मी कुणाला सांगत नाही. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताचं हाडच दुसऱ्या हातापेक्षा जाड झालेलं असतं. डावखुऱ्या रॉड लेव्हरचा डावा हात तर उजव्याशेजारी दुसऱ्याच माणसाचा वाटायचा, आणि त्याच हाताने त्याने 1962 आणि 1969 अशी दोनदा एकाच वर्षात चारही मोठी विजेतेपदं घेतली. हात कामाप्रमाणे घडतात. गवंड्याचा उजवा थोडा भरलेला राहिला तर त्यात वाईट काय?

दोन्ही हातांचं नातं आपल्याला वाटतं त्याहून जवळचं आहे. 1894 साली येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी माणसांकडून एकाच हाताचा सराव करून घेतला, तर स्वस्थ बसलेल्या दुसऱ्या हाताचीही ताकद वाढलेली निघाली. स्नायू तर कामाला लागलाच नव्हता, मग ताकद आली ती मेंदूकडून आणि मज्जातंतूंकडून. म्हणून एका हाताला प्लास्टर असलं, तरी डॉक्टरांची हरकत नसेल तर मी दुसऱ्या हाताचा व्यायाम बंद करू देत नाही. प्लास्टर निघाल्यावर बारीक झालेला हात लवकर वळणावर येतो.

एका बाबतीत मात्र मी डंबेलला हातही लावू देत नाही. फरक वर्षानुवर्षांचा नसून अचानक दिसायला लागला असेल, बोटांना मुंग्या येत असतील, पकड सुटत असेल, तर दुखणं मानेतल्या दबलेल्या नसेचंही असू शकतं. तिथे आधी डॉक्टर.

आणि जिम चालवणाऱ्यांकडे एक मागणं आहे. बहुतेक ठिकाणी साडेसातनंतर थेट दहाचं डंबेल असतं. म्हणजे कमजोर हाताला एका दमात तिसऱ्या हिश्शाने जादा वजन. तोवर आम्ही त्याच साडेसातवर आठाचे बारा, बाराचे पंधरा करत राहतो. पण मध्ये साडेआठ-नऊची एक जोडी मिळाली, तर कमजोर हाताची कितीतरी माणसं चाल न बिघडवता वर जातील. चाळीस किलोच्या डंबेलना रोज हात लावणारे दोघे-चौघेच असतात. पुढची खरेदी या छोट्या जोड्यांची करा.