परवाना आणि पाठराखण

परिचारिकेचा पांढरा पोशाख आमच्या घराघरांत परिचयाचा आहे. तिच्या परवान्याचा विचार मात्र तो संकटात येईपर्यंत आम्ही करीत नाही. अमेरिकेतील टेनेसी राज्यातील राडोंडा वॉट हिची हकिगत म्हणूनच आम्हांस अस्वस्थ करते. डिसेंबर २०१७ मध्ये तिने एका वृद्ध रुग्णेस गुंगीच्या औषधाऐवजी स्नायू लुळे पाडणारे औषध दिले, रुग्णा दगावली. चूक तिने स्वतःच तत्काळ सांगितली. परिचर्या मंडळाने आधी कारवाई केली नाही. जुलै २०२१ मध्ये मात्र परवाना रद्द केला. मार्च २०२२ मध्ये ज्यूरीनेही तिला दोषी ठरविले.

एका चुकीच्या अशा दोन चौकश्या. न्यायालयात गरीब आरोपीस सरकारखर्चाने वकील मिळतो. मंडळापुढे बहुधा तो स्वतःच शोधावा लागतो. तेथे ‘नर्स अ‍ॅटर्नी’, म्हणजे परिचर्या आणि कायदा दोन्ही जाणणारे वकील, आधार देतात. रात्रपाळीची धावपळ त्यांना समजावून सांगावी लागत नाही.

गेलेला जीव परत येत नाही, म्हणून सत्य सांगितलेच पाहिजे. पण ते सांगणारीला एकटे सोडू नये. परदेशी निघालेल्या आमच्या लेकींनी एवढे ध्यानी ठेवावे: मंडळाचे पत्र आल्यास उत्तरापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.