नायगावला, मोटारसायकलवर!

मुलांनो, येत्या ३ जानेवारीला मी सातारा जिल्ह्यातल्या नायगावला जाणार आहे. सावित्रीबाई फुले यांचा जन्म तिथला, १८३१ सालचा. सुरगाण्याहून वणी, दिंडोरी, नाशिक, संगमनेर, पुणे आणि पुढं शिरवळ. सुमारे साडेतीनशे किलोमीटर! तेही एस.टी.नं नव्हे, मोटारसायकलवर. आजवर माझी गाडी नाशिकच्या पुढं गेलेली नाही. वाटेत नारायणगावला मामेबहिणीकडे मुक्काम करीन. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, हे पक्कं.

घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “एवढ्या लांब एकटी? आन् काही झालं मंग?” प्रश्न रास्त होता. ‘काही होत नाही हो’ म्हणून तो सुटण्यातला नव्हता.

तयारीत माझ्या चौथीच्या वर्गानं हात दिला. टाकी पूर्ण भरली, ११० किलोमीटर फिरले, पुन्हा भरली तर दोन लिटर पेट्रोल बसलं. लिटरला किती? फळ्यावर झटकन ५५ आलं! मग एका बाजूला साडेसहा लिटर धरायचं.

दुसरं गणित मात्र सगळ्यांना गप्प करून गेलं. ताशी ६० किलोमीटर वेग असेल, तर एका सेकंदात गाडी किती जाते? जवळजवळ १७ मीटर. आम्ही मैदानात दोरी धरून मोजलं. शाळेच्या घंटेपासून थेट चिंचेपर्यंत! समोर गुरं आली हे कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत एवढं अंतर सरतं. गाडी थांबायला लागतं ते वेगळंच. एक मुलगी म्हणाली, “बाई, तुम्ही पन्नासनंच जा.” बरं, पन्नास! तरी १४ मीटर होतातच.

गॅरेजवाल्या दादांकडून चेन बघायला शिकले. फार ढिली असली तर दात्यांवरून उतरते, फार ताणली तर लवकर झिजते. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना बघायची. चालून टायर तापला की हवेचा दाब वाढतो आणि आकडा फसवा येतो. प्लग काढून पुसायलाही जमलं. हात काळे झाले, पण गंमत आली.

सामान म्हणाल तर जड वस्तू खाली, हलक्या वर. दोरीचं एकही टोक लोंबता कामा नये. आणि मुलींनो, ओढणी बॅगेत! चाकात गुंतली तर क्षणात गळा आवळते.

येत्या रविवारी सगळं सामान बांधून वणीपर्यंत रंगीत तालीम आहे. सासूबाई म्हणाल्या, “मीबी येते मागं बसून. देवीचं दर्शन व्हईल आन् तुझं चालवणंबी बघीन.”

आता त्यांच्या मापाचं हेल्मेट आणायचं आहे.