संगणकाची निगा

आमच्या लहानपणीं घरांत पोथ्यांचें एक कपाट होतें. पावसाळा सरला, कीं आश्विनांतल्या एखाद्या कोरड्या दिवशीं आमचे तीर्थरूप सगळीं बासनें बाहेर काढीत, तांबड्या फडक्यांच्या गांठी सोडीत, पानें वाऱ्यावर ठेवीत, कसर लागली आहे कीं काय तें पाहत, आणि पुन्हां नीट बांधून ठेवीत. “जी वस्तु आपण पाहत नाहीं, ती आपली राहत नाहीं,” असें ते म्हणत. ती शिकवण आम्हीं पोथ्यांपुरतीच घेतली, हें आमचें दुर्दैव.

२०१६ सालीं आम्ही शाळेच्या नोकरींतून निवृत्त झालों. त्या वेळीं आमच्या पुतण्यानें आपला वापरांतला संगणक आम्हांस आणून दिला. मॅट्रिकपर्यंतच्या इंग्रजीच्या बळावर आम्ही तो चालवूं लागलों, व वर्षभरांत मराठी लिहिणेंही जमलें. २०१८ पासून आमची थोरली बहीण, आक्का, आमच्याकडेच राहावयास आली. जात्यावरच्या ओव्यांचें तिचें पाठांतर अफाट होतें. दुपारचीं जेवणें उरकलीं, कीं ती म्हणे व आम्ही टिपून घेत असूं. शिवाय तिचा आवाजही संगणकांत सांठवीत असूं. दोन वर्षांत सुमारें ४०० ओव्या लिहून झाल्या आणि १४ तासांचा आवाज जमला. २०२१ च्या माघांत आक्का गेली.

पुढच्या वर्षीं ज्येष्ठांत संगणकांतून टक् टक् असा आवाज येऊं लागला. पुतण्या सहज आला होता. तो म्हणाला, “काका, हा आवाज बरा नव्हे. आहे तें आजच दुसरीकडे उतरवून घ्या.” आम्ही म्हणालों, “अरे, तुम्हां मुलांना सगळ्याचीच घाई. रविवारीं पाहूं.” असे पांच रविवार गेले. आषाढांत एका सायंकाळीं वीज गेली, पुन्हां आली, आणि संगणक कांहीं केल्या सुरू होईना. आम्हीं तो बंद करून पुन्हां सुरू केला. एकदां नव्हे, वीसदां केला. ही आमची दुसरी, आणि पहिलीहून मोठी चूक.

हार्ड डिस्क म्हणजे कांहीं जादूची पेटी नव्हे. तिच्यांत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या मिनिटाला बहुधा ५४०० किंवा ७२०० फेरे या वेगानें फिरत असतात, आणि केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावरून वाचणारें टोंक त्यांवर तरंगत असतें. तें टोंक बिघडलें, कीं असा टक् टक् आवाज पुष्कळदां येतो. आणि तें तबकडीस घासूं लागलें, तर प्रत्येक नवा प्रारंभ म्हणजे लिहिलेल्या पाटीवर खिळा ओढणें होय. अशा वेळीं वायर काढून सरळ जाणकाराकडे जावें, हाच एक मार्ग. आम्ही गेलों, तें वीस ओरखडे काढून झाल्यावर. त्या गृहस्थांनीं डिस्क तपासली आणि कांहीं न बोलतां आमच्या हातीं परत दिली. आवाज गेला. ओव्यांपैकीं २६० वांचल्या. त्याही आम्हीं वेळोवेळीं नातीस वाचावयास धाडल्या होत्या म्हणून.

त्यानंतर मात्र आम्हीं या यंत्राच्या निगेचा विद्यार्थ्याप्रमाणें अभ्यास केला. त्यांतलें जें घरोघरीं उपयोगीं पडेल तें वाचकभगिनी व बंधूंपुढें ठेवितों.

पहिली गोष्ट धुळीची. संगणकाच्या पेटींत पंखे असतात ते आंतली उष्णता बाहेर टाकण्यासाठीं. त्यांच्या पात्यांवर धूळ बसली, कीं उष्णता कोंडते, पंखे घरघरूं लागतात, आणि स्वतःस जपण्यासाठीं यंत्र आपली गति कमी करतें. आपण मात्र ‘संगणक म्हातारा झाला’ असें म्हणून मोकळे होतों. तीन महिन्यांतून एकदां संगणक बंद करावा, वायर भिंतींतून काढावी व बाजूचें झांकण उघडावें. प्रथम पेटीच्या धातूच्या भागास हात लावून अंगांतील स्थिर वीज जाऊं द्यावी; मग पंख्याचें पातें बोटानें धरून कोरड्या, मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. ओलें फडकें आंत मुळींच नेऊं नये. लॅपटॉप असल्यास तो गादीवर ठेवून चालवूं नये. हवेचीं छिद्रें गादीनें बुजतात.

दुसरी गोष्ट विजेची. यूपीएस घेतला म्हणजे वीज गेली तरी खुशाल काम करीत बसावें, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः हातांतलें लिखाण जतन करून संगणक रीतसर बंद करावयास मिनिटें मिळावींत, हाच त्याचा मुख्य हेतु. त्याची बॅटरी साधारण ३-४ वर्षांत थकते, ती वेळीं बदलावी. घरचें अर्थिंग वायरमनकडून एकदां तपासून घ्यावें. वळवाच्या पावसांत गडगडाट सुरू झाला, कीं संगणकाची वायर तर काढावीच, पण इंटरनेटची तांब्याची तार असेल तर तीही काढावी. वीज त्याही वाटेनें आंत शिरते.

तिसरी गोष्ट सांठवणीची. हल्लीं फिरत्या तबकडीऐवजीं एसएसडी वापरतात. तिच्यांत हलणारा भाग नसतो व तिची गति पुष्कळ अधिक असते. मंद झालेला जुना संगणक टाकून देण्यापूर्वीं त्यांत ती बसवितां येते का, हें विचारावें. आमचा संगणक तिनें पुन्हां तरुण झाला. मात्र ती बिघडते तेव्हां टक् टक् एवढीही सूचना देत नाहीं. तेव्हां साधन कोणतेंही असो, दुसरी प्रत ही पाहिजेच.

आणि हीच चौथी व मुख्य गोष्ट. आपल्या वेदपाठी ब्राह्मणांनीं केवळ संहितेवर भिस्त ठेविली नाहीं. पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा रीतींनीं तेच शब्द निरनिराळ्या क्रमानें म्हटले, म्हणजे एका पाठांतली चूक दुसऱ्यांत उघडी पडते. शिवाय तो पाठ एका घरांत कोंडलेला नसे. अनेक गांवीं, अनेक मुखीं असे. संगणकाचे जाणकार आज ‘तीन, दोन, एक’ असा जो नियम सांगतात, तो आम्हांस याच जातीचा वाटला. प्रती ३ असाव्यात, त्या २ निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली १ घराबाहेर असावी. घराबाहेर कां, हें सांगलीकरांस सांगणें नलगे. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी शहरांत शिरलें, तेव्हां आमच्या परिचयाच्या एका घरीं संगणक आणि त्याच टेबलाच्या खणांतली प्रत एकदमच बुडालीं.

प्रत उतरवून झाली, कीं बाहेरची डिस्क संगणकापासून काढून ठेवावी; कारण फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे जे दुष्ट प्रोग्राम असतात, ते जोडलेल्या डिस्कलाही सोडीत नाहींत. इंटरनेटवरील जागेशीं आपोआप जुळणारी फाइल हीच प्रत, असेंही समजूं नये. येथें चुकून पुसली तर तिकडूनही ती नाहींशी होते. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, प्रत अधूनमधून उघडून वाचावी. न उघडलेली प्रत म्हणजे न तपासलेली उत्तरपत्रिका. आम्हीं त्यासाठीं संकष्टीचा दिवस धरला आहे. चंद्रोदयाची वाट पाहतां पाहतां तें काम होऊन जातें.

मराठी लिहिणारांस एक निराळी सूचना. लिखाण नेहमीं युनिकोडमध्यें करावें. पूर्वीं आपल्याकडे निरनिराळ्या फाँटांच्या निरनिराळ्या खुणा होत्या. तो फाँट नसलेल्या यंत्रावर ती फाइल उघडली, तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. असें जुनें लिखाण घरांत असेल तर तें वाचतां येत आहे तोंवरच युनिकोडमध्यें बदलून घ्यावें.

शेवटची गोष्ट सावधगिरीची. संगणकाच्या मूळ प्रणालीच्या सुधारणा येतील तशा घ्याव्यात. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. ज्यांचें यंत्र पुढची आवृत्ति पेलत नाहीं, त्यांनीं कोणा जाणत्यास विचारून लिनक्स बसवून घेण्याचा विचार करावा. “तुमच्या संगणकांत व्हायरस शिरला आहे, आम्ही दुरुस्त करतों,” असा अनोळखी फोन आला तर तो तात्काळ ठेवून द्यावा. असा फोन करणारा हा चोरच, असें समजून चालावें. त्यांत संकोच वाटूं देऊं नये.

असो. आक्काचा १४ तासांचा आवाज गेला तो गेलाच. परंतु गेल्या दिवाळींत पुतण्यास त्याच्या जुन्या फोनमध्यें एक तुकडा सांपडला. एका दुपारीं त्यानें गंमत म्हणून टिपलेला. तो सारा चार मिनिटांचा आहे. त्यांत ओवी एकच आहे, आणि तीही अर्धी. कारण मध्येंच थांबून ती आम्हांस विचारते, “अरे, लिहितो आहेस, का नुसताच ऐकत बसला आहेस?”

तीं चार मिनिटें आतां तीन ठिकाणीं आहेत. एक आमच्या संगणकांत, एक कपाटांतल्या डिस्कवर, तीर्थरूपांच्या पोथ्यांशेजारीं, आणि एक पुण्यास नातीकडे. दर संकष्टीस आम्ही तीं लावून पाहतों. प्रत शाबूत आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं, असें घरांत सांगतों.

वाचकहो, तुमच्याही घरीं असें कांहीं असेल. रविवारची वाट पाहूं नका.