खासदाराचे मत कुणाच्या खात्यावर?

चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबरला आपल्या खासदाराचा फोटो बॅनरवर असतो. बाकीच्या दिवसांत तो काय करतो, हा प्रश्न आपण चहाच्या टपरीवर विचारतो आणि तिथेच सोडून येतो. आम्ही काही कार्यकर्त्यांनी हा प्रश्न टपरीवरून उचलून कागदावर आणायचे ठरवले. दोनशे पानी वही घेतली, तिचे तीन भाग केले : मतदान, कामकाज आणि धंदे. खासदाराचे नाव इथे देत नाही. पक्ष बदलला, माणूस बदलला तरी वही थोड्याफार फरकाने अशीच भरली असती, असे आमचे मत झाले आहे.

सुरुवातीला सरळ मार्गाने गेलो. जनसंपर्क कार्यालयात जाऊन कार्य-अहवाल मागितला. गुळगुळीत कागदावर छापलेले पुस्तक मिळाले. सभामंडप, हायमास्ट दिवे, पेव्हर ब्लॉक, नारळ फोडतानाचे फोटो. संसदेत कोणत्या विधेयकावर कोणते मत दिले, याची एक ओळही नव्हती. विचारले तर तिथला सहायक हसून म्हणाला, "मत पक्ष सांगेल तसं असतं, त्यात छापायचं काय?"

त्याचे हे वाक्य खरे आहे. म्हणूनच त्याच्यापासून सुरुवात केली पाहिजे.

१९८५ साली ५२ वी घटनादुरुस्ती झाली आणि दहावे परिशिष्ट आले. हेतू होता आयाराम-गयारामांना आळा घालण्याचा. पण पक्षाने व्हिप काढला आणि सदस्याने विरोधात मत दिले किंवा तो गैरहजर राहिला, तर त्याची जागा जाऊ शकते. म्हणजे मतदारसंघाने दिलेले मत दिल्लीला पोहोचेपर्यंत पक्षाच्या तिजोरीत जमा होते. घाऊक पक्षांतरे मात्र थांबली नाहीत, हे महाराष्ट्राला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

दुसरी अडचण आवाजी मतदानाची. बहुतेक कायदे "होय" आणि "नाही" अशा आरोळ्यांवर मंजूर होतात. मतविभागणी झाली तरच कुणाचे मत कुठे पडले हे नावानिशी नोंदले जाते. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट करणारा निकाल दिला. २ एप्रिलला देश बंद झाला, आपली माणसे मेली, हजारोंवर केसेस पडल्या. त्या रेट्यामुळे ऑगस्टमध्ये संसदेने दुरुस्ती करून कलम १८ अ आणले. ही दुरुस्ती आवाजी मतदानाने झाली. ज्या कायद्यासाठी पोरांनी छातीवर गोळ्या झेलल्या, त्यावर आपल्या खासदाराने तोंड उघडले की नाही, हे मतांच्या यादीत शोधून सापडणार नाही. यादीच नाही. दोन वर्षांनी, २० सप्टेंबर २०२० ला, कृषी विधेयके राज्यसभेत आली तेव्हा विरोधक मतविभागणी मागत होते आणि गोंधळात ती आवाजी मतदानानेच मंजूर झाली. मतविभागणी ही नुसती आकडेमोड नसते. तिच्यात माणूस नावानिशी सापडतो, म्हणून ती टाळली जाते.

घटनादुरुस्तीचे मात्र तसे चालत नाही. तिथे विशेष बहुमत लागते, मते मोजावी लागतात. त्यामुळे आमच्या वहीचा पहिला भाग बराचसा घटनादुरुस्त्यांनीच भरला. ८ जानेवारी २०१९ चे पान आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. आर्थिकदृष्ट्या दुर्बलांसाठी दहा टक्के आरक्षण देणारे विधेयक लोकसभेत आले आणि ३२३ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाले. दुसऱ्या दिवशी राज्यसभेत १६५ विरुद्ध ७. लोकसभेत विरोधात मत देणारे तिघे कोण? एमआयएमचे असदुद्दीन ओवेसी आणि मुस्लिम लीगचे केरळातले दोन खासदार. लोकसभेत अनुसूचित जातींच्या ८४ आणि जमातींच्या ४७, मिळून १३१ राखीव जागा आहेत. त्यांतून आलेल्या एकाचेही मत विरोधात पडले नाही. राज्यसभेत बसपनेही पाठिंबा दिला.

या दुरुस्तीने गरिबीच्या नावाने आरक्षण दिले आणि त्यातून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींमधल्या गरिबांना वगळले. त्या वर्गाची उत्पन्नमर्यादा वर्षाला आठ लाख. आपल्या मुलांच्या भारत सरकार पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्तीची मर्यादा अडीच लाख. एकाच देशातल्या दोन गरिबांची ही दोन मापे आहेत. व्हिप होता म्हणून मत तसे पडले, हे घटकाभर मान्य करू. पण चर्चेत उभे राहून "अडीच आणि आठ हा काय हिशेब आहे?" असे विचारायला व्हिपने मनाई केली नव्हती. आमचा मुद्दा एवढाच आहे.

त्याच वर्षी १० डिसेंबरला १०४ वी घटनादुरुस्ती लोकसभेत ३५५ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाली. राखीव जागांची मुदत २०३० पर्यंत वाढली. जागा टिकवताना सगळे एकत्र येतात. त्या जागांवर बसून काय करायचे, यावर मात्र मत घेतले जात नाही.

इथे काही मित्र पुणे करार काढतात. २४ सप्टेंबर १९३२ ला प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, पण संयुक्त मतदारसंघामुळे उमेदवार आपला आणि निवडून देणारे दुसरे, अशी रचना झाली. मान्यवर कांशीराम यांनी कराराला पन्नास वर्षे झाली तेव्हा 'चमचा युग' लिहिले ते याच दुखण्यावर. हे सगळे खरे. पण म्हणून राखीव जागेवरच्या खासदाराला काही विचारायचेच नाही, हे त्यातून निघत नाही. उलट तो दुसऱ्यांच्या मतांवर अवलंबून आहे, तर आपल्या मतांचा हिशेब आपण अधिक काटेकोर मागायला हवा. आणि खुल्या जागेवरून आलेल्या आपल्या माणसाला सूट द्यावी, असेही नाही. १९९८ साली महाराष्ट्रातून रिपब्लिकन चळवळीचे चार नेते लोकसभेत गेले, चौघेही खुल्या मतदारसंघांतून. बाळासाहेब आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि जोगेंद्र कवाडे. त्या निकालाचा जल्लोष आपल्या सगळ्यांच्या आठवणीत आहे. पण त्या चौघांनी लोकसभेत कोणते प्रश्न विचारले, हे आम्ही दहा ज्येष्ठ कार्यकर्त्यांना विचारले, तर एकालाही सांगता आले नाही. लोकसभेच्या छापील कार्यवाहीत ते आजही आहे. आपणच उघडून पाहिले नाही.

दुसरा भाग कामकाजाचा. हजेरी लगेच सापडते. पण सही केली म्हणजे सभागृहात बसला असे नाही आणि मंत्री तर सहीच करत नाहीत. हजेरीच्या टक्केवारीवर खासदाराला 'आदर्श' ठरवणाऱ्या बातम्यांना आम्ही फार भाव देत नाही. पाहायचे ते प्रश्न. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. सोडतीत नंबर लागला तर मंत्र्याला उत्तर द्यावेच लागते आणि त्यासाठी पक्षाची परवानगी लागत नाही. खाजगी विधेयक मांडता येते. स्थायी समित्यांत व्हिप चालत नाही. अनुसूचित जाती आणि जमातींच्या कल्याणासाठी दोन्ही सभागृहांच्या ३० सदस्यांची वेगळी समिती आहे. माणसाची नियत कळते ती इथे.

आमच्या खासदारांचे प्रश्न आम्ही एकेक करून वाचले. राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे थांबे, विमानतळ, इथेनॉल. इथेनॉलवर तर त्यांचा खास जीव दिसला. शिष्यवृत्ती, अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेसमधली दोषसिद्धी, गटारात उतरून मेलेले कामगार, यांवर एकही प्रश्न सापडला नाही.

बाबासाहेब एप्रिल १९५२ पासून अखेरपर्यंत राज्यसभेचे सदस्य होते. त्याआधी लोकसभेला मुंबईत त्यांना पाडले होते आणि १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही पाडले. बहुमत पाठीशी नाही, मंत्रिपद नाही, प्रकृती ढासळलेली. तरी भाषिक राज्यांपासून अस्पृश्यता गुन्हे विधेयकापर्यंत ते बोलत राहिले. दादासाहेब गायकवाड १९५७ ला नाशिकमधून लोकसभेवर गेले, पुढे राज्यसभेवर. तिकडे सभागृहात भूमिहीनांचा प्रश्न आणि इकडे रस्त्यावर १९५९ चा आणि नंतर १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह. सभागृह आणि सत्याग्रह यांच्यात त्यांनी भिंत घातली नाही. आजच्या खासदाराला दादासाहेबांचा पुतळा चालतो.

खासदार निधीचा हिशेब त्या मानाने सोपा निघाला. वर्षाला पाच कोटी. त्यातले किमान १५ टक्के अनुसूचित जातींच्या आणि साडेसात टक्के जमातींच्या वस्त्यांत खर्च व्हायला हवेत. म्हणजे पंचाहत्तर लाख आणि साडेसदतीस लाख, दर वर्षी. कामांची यादी जिल्हा नियोजन कार्यालयात माहिती अधिकारात मिळते. यादी घेऊन वस्तीत फिरा. आमच्याकडे एक सभामंडप 'दलित वस्ती'च्या नावावर आहे आणि त्याचे दार मंदिराच्या आवारात उघडते.

तिसरा भाग भरायला सगळ्यात जास्त वेळ लागला. उमेदवारी अर्जासोबतचे नमुना २६ चे प्रतिज्ञापत्र कुणालाही पाहता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे ते मिळाले. त्यात जमीन, सोने, कर्ज, गुन्हे असतात. पण महाराष्ट्रातली सत्ता सोन्यात नसते हो. ती असते शिक्षण संस्थेत, साखर कारखान्यात, जिल्हा बँकेत, दूध संघात. ट्रस्टची मालमत्ता कायद्याने कुणा एकाची नसते, म्हणून ती प्रतिज्ञापत्रात येत नाही. साठ एकरांचा कॅम्पस, इंजिनिअरिंग, फार्मसी, नर्सिंग आणि कागदावर साहेबांच्या नावे एक जुनी जीप.

राज्यसभेत सदस्यांच्या हितसंबंधांची नोंदवही आहे. नियम २९३ खाली पाच गोष्टी लिहाव्या लागतात : मानधनाचे संचालकपद, नियमित मोबदल्याचे काम, नियंत्रण राहील इतके शेअर, सशुल्क सल्लागारी आणि व्यावसायिक काम. लोकसभेत अशी खुली नोंदवही नाही. ब्रिटनच्या हाऊस ऑफ कॉमन्समध्ये ती १९७० च्या दशकापासून आहे आणि कुणीही वाचू शकतो. आपल्या लोकसभेत सदस्याचा थेट आर्थिक हितसंबंध असेल तर त्याच्या मतावर आक्षेप घेता येतो, पण तो आक्षेप सभागृहातल्यांनीच घ्यायचा. चोराच्या मनात चांदणे असताना आक्षेप कोण घेणार? आणि राज्यसभेची नोंदवहीसुद्धा मोबदल्याचे विचारते. बिनपगारी अध्यक्षपद भूषवणारा संस्थाचालक तिच्यातूनही निसटतो.

म्हणून आम्ही दुसरीकडून गेलो. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून ट्रस्टच्या परिशिष्ट एकचा उतारा काढला. त्यात विश्वस्तांची नावे असतात. कंपनीचे संचालक कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर दिसतात. आडनावे जुळवत गेलो. पत्नी, भाऊ, मेहुणा, स्वीय सहायक. एका संस्थेच्या महाविद्यालयात आपल्या समाजातल्या एका मुलीची टीसी शिष्यवृत्तीची रक्कम थकली म्हणून अडवली होती, तीच संस्था या यादीत निघाली. नव्या पद्धतीत शिष्यवृत्तीचा केंद्राचा ६० टक्के हिस्सा विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि राज्याचा ४०. तो उशिरा आला की कॉलेज पोरीच्या मागे लागते. पैसे वेळेवर यावेत असा प्रश्न संसदेत विचारण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याच्याच घरची संस्था तिची टीसी दाबून बसते. या मुलीचे वर्ष वाचवायला आम्हाला तीन आठवडे हेलपाटे घालावे लागले. तिचा बाप हमाली करतो. त्याने याच खासदाराला मत दिले होते, आणि पुन्हा देईन म्हणतो, कारण मयतीला साहेब आले होते.

हितसंबंध म्हणजे नेहमी लाच नव्हे. लाचही असतेच. प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतले म्हणून २३ डिसेंबर २००५ ला ११ खासदारांना संसदेतून काढले. त्यांत महाराष्ट्रातले दोन होते आणि बसपचे तीन. दुसरा आकडा लिहायला आम्हाला आनंद होत नाही, पण वही आपल्या-परक्याची वेगवेगळी ठेवता येत नाही.

"एवढे करून काय होणार? निवडणूक पैशावर आणि जातीवर होते," असे बैठकीत एक तरुण म्हणाला. होते, बरोबर आहे. पण आमची वही वस्तीत फिरायला लागल्यापासून जनसंपर्क कार्यालयातून दोनदा फोन आला, "साहेबांना भेटून घ्या" म्हणून. आम्ही कळवले, भेट जाहीर सभेत आणि प्रश्न लेखी. प्रश्न पाच आहेत. जानेवारी २०१९ च्या दुरुस्तीवर आपली भूमिका काय? शिष्यवृत्तीच्या अडीच लाखांच्या मर्यादेवर प्रश्न कधी विचारणार? निधीतल्या १५ टक्क्यांची कामनिहाय यादी कुठे आहे? कुटुंबाच्या ताब्यातल्या संस्थांची नावे जाहीर करणार का? लोकसभेतही हितसंबंधांची खुली नोंदवही असावी, असे खाजगी विधेयक मांडणार का?

पत्राची पोच आमच्याकडे आहे. उत्तर आले की जसेच्या तसे छापू. दरम्यान शेजारच्या दोन तालुक्यांतल्या मुलांनी वहीची झेरॉक्स नेली आहे. त्यांच्या आमदारांसाठी चौथा भाग लागेल म्हणतात, ठेकेदारीचा.

जयभीम.